काय बघायलात?
वाचकांच्या मालिकांवरच्या प्रश्नांचं पान

मागच्या अंकात म्हणलं होतं की प्रश्न थोडक्यात पाठवा, तर एका काकूंनी अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात मधी कुकरच्या चार शिट्ट्या आहेत आणि "अगं गॅस बारीक कर" पण आहे. तो मी पूर्ण ऐकला. चुलीजवळ उभं राहून मालिकेवर भांडणाऱ्या बाईइतकं बारीक कुणीच बघत नाही असं माझं मत आहे, त्यामुळं काकू, तुमचा प्रश्न पहिला घेतलाय. बाकीच्यांनी रागवू नका.

प्रश्न (अंबाजोगाईहून, "धाकटी सून" अशी सही) : ताई, 'ठरलं तर मग' मधी सायलीच खरी तन्वी आहे हे आपल्याला पहिल्यापास्नं माहीत, प्रिया तन्वी बनून बसलीय ते पण माहीत, तरी आम्ही रोज बघायलोत. आमचे मिस्टर म्हणतात तुम्हाला येड्यात काढायलेत, जे माहितीये ते काय बघायचं. त्यांना काय उत्तर देऊ?

उत्तर : मिस्टरांना विचारा, सप्त्याला कीर्तनाला जाता का. जात असतीलच. तिथं हरिश्चंद्राचं आख्यान लागलं की मंडपातल्या पहिल्या माणसापासून ते मागं चपला राखत बसलेल्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत असतं की राजा डोंबाघरी पाणी भरणार, रोहिदासाला साप चावणार आणि शेवटी देव येणार. तरी बुवांनी टाळ थांबवून जरासा श्वास घेतला की बायकांचा पदर डोळ्याला जातो. म्हणजे "पुढं काय" हे बघायला कुणी बसलेलंच नसतं, "आता हिला कसं वाटंल" हे बघायला बसलेले असतात. आपल्याला कळतंय आणि त्या बिचारीला कळत नाही, ह्या दोन गोष्टींच्या मधी जी कासाविशी होते ना, तेच त्या अर्ध्या तासाचं सगळं भांडवल.

'देवमाणूस' आठवा. डॉक्टरच खुनी आहे हे पहिल्याच आठवड्यात उघड करून टाकलं होतं, लपवलंच नव्हतं काही. वाईच्या खऱ्या प्रकरणावरनं ती सुचलेली त्यामुळं पेपर वाचणाऱ्यांना तसंही माहीत होतं. मग लोक काय बघत होते? गाव त्याच्या पाया पडतंय ते. आपल्याला दिसतंय आणि गावाला दिसत नाही.

आमच्या घरचं सांगते. सासूबाई रात्री सुपात तूर निवडत बसतात, समोर टीव्ही. सायली आणि सत्य ह्यांच्यात एका वाक्याचं अंतर राहिलं की नेमका कुणाचा तरी फोन वाजतो, नाहीतर हातातला ट्रे पडतो, अशा वेळी सासूबाई "सांग की गं, सांग की" म्हणत सुपाला असा हिसका देतात की खडे एकीकडं, डाळ एकीकडं. ज्या दिवशी एपिसोड जास्त अडवाअडवीचा, त्या दिवशी डाळ लवकर निवडून होते. मी हे नीट बघितलंय.

आता मिस्टरांची बाजू पण थोडी घेते. कीर्तन रात्री बाराला संपतं, बुवा आरती करून उठतात. मालिकेला आरती नाही. ही मालिका ज्या तमिळ मालिकेवरनं घेतली, 'रोजा', ती २०१८ ते २०२२ चालली आणि तिचे १,३०० च्या वर भाग झाले. आपली ५ डिसेंबर २०२२ ला सुरू झाली. तर आख्यान लांबलंय हे खरं, पण ते बघणारी बाई येडी नाही, एवढं मिस्टरांना माझ्या नावानं सांगा.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, वकिलीचा विद्यार्थी) : मॅडम, सायली-अर्जुनचं कॉन्ट्रॅक्ट मॅरेज. अर्जुन स्वतः वकील. असा कागद कोर्टात चालतो का, का रायटरनं काहीही लिहिलंय? आमच्या हॉस्टेलला ह्यावर दोन गट पडलेत.

उत्तर : दोन्ही गटांनी चहा प्यायला या, कारण दोघांचं पण थोडं थोडं बरोबर आहे.

त्या कागदाला कोर्टात किंमत शून्य. तू माझ्या मधुभाऊंची (म्हणजे सायलीला सांभाळणाऱ्यांची) केस लढ, मी ठराविक मुदतीपुरती तुझी बायको होते, असला करार सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ मधीच अडकतो. पण लग्न विधीनं लागलं असंल तर लग्न मात्र खरं! म्हणजे अर्जुननं स्वतःच्या हातानं असा कागद केला की ज्यातला करार खोटा आणि लग्न पक्कं. इतका हुशार वकील, आणि पहिलीच केस स्वतःविरुद्ध हरला. मालिकेतला हा खरा विनोद आहे आणि तो बहुतेक कुणी मुद्दाम केलेला नाही.

मुदत संपली म्हणून लग्न संपत नाही हे तुम्ही शिकलाच असाल. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीनं सुटायचं तर कलम १३-ब, त्यात आधी वर्षभर वेगळं राहिलेलं पाहिजे, मग अर्ज, मग सहा महिने थांबा (हे सहा महिने माफ करता येतात असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मधी सांगितलं). तुमच्या हॉस्टेलमधला कुणीतरी शहाणा म्हणेल की ते तर एकाच खोलीत राहत होते, वेगळं कुठं? तर त्याला सांगा, "वेगळं राहणं" म्हणजे वेगळ्या घरातच राहणं असं नाही, एका छताखाली राहून पण नवरा-बायकोसारखं न राहणं हे वेगळं राहणंच, हे सुप्रीम कोर्टानं १९९१ मधी म्हणलेलं आहे. त्यामुळं सुरुवातीच्या त्या सगळ्या एपिसोडमधली एकाची झोप इकडं आणि एकाची तिकडं, ही निव्वळ लाजालाजी नसून कायदेशीर पुरावा होता असं धरा.

परीक्षेत मात्र हे उदाहरण लिहू नका.

प्रश्न (धाराशिव, वय ७१, नातवाकडून लिहून घेतलेलं पत्र) : 'ठरलं तर मग' मधल्या पूर्णा आजीचं काम करणारी बाई गेली. मला घरचं माणूस गेल्यासारखं झालं, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पोरं हसतात. आता तिच्या जागी दुसरी आली. तिला आजी म्हणायला माझं मन होईना. हे चूक आहे का बाई?

उत्तर : आजी, चूक काहीच नाही. ज्योती चांदेकर १६ ऑगस्ट २०२५ ला गेल्या. त्या नाटक-सिनेमातल्या जुन्या जाणत्या बाई, पण तुम्हाला त्या नाटकातनं माहीत नव्हत्या, तुम्हाला त्या रोज रात्री जेवताना माहीत होत्या. ज्या माणसाचं तोंड बघत आपण तीन वर्षं घास घेतला ते माणूस नात्यातलं नाही म्हणून सुतक नाही, एवढंच. पोरांना हसू द्या. त्यांचा एखादा क्रिकेटवाला रिटायर झाला तेव्हा त्यांची तोंडं कशी झाली होती ते आठवून द्या त्यांना.

नवीन आजीचं म्हणाल तर रोहिणी हट्टंगडी आल्यात, आणि मला वाटतं तुमची त्यांच्याशी जुनी ओळख निघंल. 'चार दिवस सासूचे' बघायचात का? ई टीव्हीवर, २००१ ला सुरू झालेली, पार २०१३ पर्यंत चालली. त्यातली आशालता देशमुख, ती हीच. म्हणजे घरात नवीन माणूस आलं नाही, बारा वर्षं आपल्या दिवाणखान्यात बसून गेलेली सासूच आता आजी होऊन परत आली. गांधींच्या सिनेमात कस्तुरबा केल्या होत्या त्यांनी, ते पण बघितलं असंल तुम्ही.

मालिकेत माणसं बदलतातच, 'माझ्या नवऱ्याची बायको' मधी शनाया दोनदा बदलली, आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग परत रसिका, आणि लोकांनी दोघींना पण सारख्याच शिव्या घातल्या. पण खलनायिका बदलणं वेगळं आणि आजी बदलणं वेगळं हे मला मान्य आहे. शिवी द्यायला चेहरा लागत नाही. नमस्कार करायला लागतो. मन होईपर्यंत म्हणू नका आजी, नुसतं बघत राहा, घाई काय आहे.

प्रश्न (परभणी, बी.ए. दुसरं वर्ष, मुलगी) : ताई, मी एका ॲक्टिंगच्या शिबिराला गेले होते. तिथल्या सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की चेहरा चांगलाय पण भाषा स्वच्छ करून ये. मी फक्त "काय करायलात सर" एवढंच म्हणले होते. मला इतकं रडू आलं. कोल्हापूरचं चालतं, मालवणी चालतं, नागपूरचं चालतं, मग आपलंच का घाण?

उत्तर : बेटा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी त्या सरांचं. मी त्यांना ओळखत नाही आणि ओळख करून घ्यायची इच्छा पण नाही. पण "स्वच्छ" हा शब्द भांड्याला वापरतात, भाषेला नाही. पुण्यातला विचारतो काय करतोयस, नागपूरचा विचारतो काय करून राहिला, कोल्हापूरचा विचारतो काय कराय लागलाईस, आपण विचारतो काय करायलास. चौघं पण एकच गोष्ट विचारायलेत. त्यातलं एक छापायच्या पुस्तकात गेलं म्हणून ते धुतलेलं आणि बाकीची खरकटी, असं कुणी ठरवलं? ह्या पानाचं नाव "काय बघायलात" का ठेवलंय ते तुला आता कळलं असंल, ठेवताना आमच्याकडं पण एक जण म्हणलाच होता की बाहेरच्या वाचकाला छपाईची चूक वाटंल. वाटू दे म्हणलं.

आता तुझा खरा प्रश्न, आपलंच का नाही. बघ, दहा वर्षांपूर्वी मालिकांमधी एकदम गावं घुसली. २०१६ च्या एकाच वर्षात मालवणी 'रात्रीस खेळ चाले' आली, 'तुझ्यात जीव रंगला' मधला कोल्हापूरचा राणादा "चालतंय की" म्हणत आला, 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली नागपूरची राधिका आली, पुढच्या वर्षी साताऱ्याकडची 'लागीरं झालं जी'. ह्याचं एक कारण मला वाटतं टीआरपी मोजायच्या पद्धतीत आहे. आधी मोजणी शहरातली असायची, २०१५ मधी बार्क ह्या मोजणी करणाऱ्या संस्थेनं खेडी पण मोजायला घेतली, आणि अचानक सगळ्यांना शेणानं सारवलेलं अंगण आवडायला लागलं. हा माझा अंदाज आहे, पण वर्षं जुळतात की नाही बघ.

मग गावं आली ती बहुतेक ऊसाची, नदीची, तालमीची. मराठवाडा मालिकेत येतो तो देवाच्या नावानं येतो. तुळजापूरची भवानी आली २०२४ ला, आपेगाव-पैठणचे ज्ञानोबा आले २०२१ ला. आता देव बोलणार ते देवासारखंच बोलणार, तुळजाभवानी काही "काय करायलास रे महिषासुरा" म्हणणार नाही (म्हणली असती तर मी रोज बघितली असती).

आणि आपली बोली एकच नाही, हे पण लिहिणाऱ्यांना अवघड जात असणार. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होतो, त्यामुळं उर्दू आत मुरलेली, नांदेडच्या खालच्या अंगाला तेलुगू मिसळती, उदगीर-निलंग्याकडं कन्नड, जालन्याच्या वर गेलं की वऱ्हाडीचा वास यायला लागतो. बीडचा हेल आणि लातूरचा हेल वेगळा. मुंबईत बसून लिहिणारा काय करतो, "लई" आणि "व्हय" टाकतो आणि झालं ग्रामीण. ते कुठल्याच गावचं नसतं.

पण मला जास्त टोचतं ते वेगळंच आहे. आपल्या बोलीतला माणूस पडद्यावर येतो तेव्हा बहुतेक करून हसवायला येतो. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मधी एकट्यानं ५२ माणसं उभी केली, अख्खं वऱ्हाड लंडनला नेलं, नंतर तेच वऱ्हाड माजलगावच्या संदीप पाठकनं नेलं, मकरंद अनासपुरेंनी आपला हेल सिनेमात चालवून दाखवला. सगळ्यांना दंडवत. आणि त्या वऱ्हाडात नुसतं हसू नव्हतं, ज्यांनी पूर्ण बघितलंय त्यांना ते माहितीये. पण ह्यातनं निर्मात्यांनी घेतलं एवढंच की मराठवाडी बोलला की लोक हसतात. मग गंभीर प्रसंग आला की तोच माणूस एकदम पुस्तकातलं बोलायला लागतो. हिरवीण शेतात असंपर्यंत गावरान, कोर्टात उभी राहिली की सदाशिव पेठेतली.

म्हणून मी राधिकेला मानते. 'माझ्या नवऱ्याची बायको' मधी नंतर नंतर काय वाट्टेल ते झालं, मसाल्याच्या डब्यातनं शेकडो कोटींची कंपनी झाली, सगळ्या महाराष्ट्रानं त्यावर जोक केले, मी पण केले. पण अनिता दातेनं ती बाई शेवटपर्यंत त्याच नागपुरी हेलात ठेवली. नवऱ्यानं फसवल्यावर ती त्याच भाषेत रडली, ऑफिसात खुर्चीवर बसून त्याच भाषेत साहेबगिरी केली. अनिता दाते मूळची नाशिकची आहे बरं का. म्हणजे शिकून घेता येतं, कुणाला घ्यायचं असंल तर.

तुला एक कसोटी सांगते, कुठली पण मालिका बघताना लावून बघ : त्यात गावाकडचं बोलणाऱ्या माणसाला प्रेम करायला मिळतंय का, आणि रडायला मिळतंय का. नुसतं चहा आणून देऊन "आलो मालक" म्हणायला मिळत असंल तर ती बोली तिथं नोकर म्हणून ठेवलीय.

आणि शेवटचं. मराठीतली पहिली रोजची मालिका म्हणून जिचं नाव घेतात ती सह्याद्रीवरची 'दामिनी', १९९७ ची. त्यातली दामिनी कोण होती? प्रतीक्षा लोणकर. आपल्या औरंगाबादच्या, तिथल्या नाटकवाल्या पोरांच्या 'जिगीषा' मधनं पुढं आलेल्या. म्हणजे रोजच्या मालिकेचं दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर आपलीच पोरगी उभी होती. तिनं काम करताना प्रमाण मराठी वापरली, तू पण शीक, जास्त येणं कधी वाईट नसतं, ऑडिशनला उपयोगी पडंल. फक्त शिकताना घरचं घासून टाकू नको. एक डायलॉग दोन्हीत पाठ कर आणि आईसमोर म्हणून बघ, ती कुठल्याला मान वर करून बघती ते मला कळव.

प्रश्न (लातूर, किराणा दुकानदार) : 'हास्यजत्रा' आधीसारखी राहिली नाही असं मला वाटतं. आम्ही हसायच्या आधी परीक्षकच हसतात. तुमचं मत?

उत्तर : भाऊ, आधीसारखं काहीच राहत नसतं, तुमच्या दुकानातल्या पुड्याच्या वड्या पण आधीसारख्या राहिल्या नाहीत.

परीक्षकांचं हसणं म्हणजे जुन्या तमाशातल्या सोंगाड्याच्या बाजूला उभ्या असलेल्या मावशीचं काम. ती "अगं बाई" म्हणायची तेव्हा लोकांना कळायचं की आता हसायचंय. सई आणि प्रसाद ओक तेच करतात, फक्त बसून. मला त्याचा त्रास नाही, मला त्रास होतो तो जेव्हा स्किट पडतंय हे दिसतंय आणि तरी कॅमेरा तीनदा त्या हसणाऱ्या तोंडांवर जातो तेव्हा.

पण २०१८ पासून दर आठवड्याला नवीन विनोद लिहायचा म्हणजे काय असतं ह्याचा पण विचार करा. 'टिपरे' सगळ्यांना अजून आठवतंय, ते एका घरातल्या पाच माणसांचं होतं आणि घर ठरलेलं होतं. इथं दर वेळी घर नवीन, माणसं नवीन, सात-आठ मिनिटात उभं करायचं आणि पाडायचं. त्यातनं जी टिकली ती पात्रं बघा ना : नम्रता संभेरावची लॉली, शिवालीची अवली. आणि गौरव मोरेनं काय केलं, स्वतःचा पत्ताच पदवी केली, "फिल्टरपाड्याचा बच्चन". झोपडपट्टीतलं नाव, लोक सांगायला लाजतात असं, ते त्यानं असं छाती काढून सांगितलं की आता लोक मुंबईत गेल्यावर फिल्टरपाडा कुठं आहे विचारतात. गेला तो नंतर हिंदीकडं, पण नाव ठेवून गेला.

मी अजून वाट बघायलेय की कुणीतरी असंच उठून "मी सेलूचा" नाहीतर "मी गेवराईचा" म्हणंल, आणि हशा गावाच्या नावावर न येता नंतरच्या वाक्यावर येईल.

प्रश्न (जालना) : टीआरपी मोजायला आमच्याकडं कधीच कुणी आलं नाही. मग कोण ठरवतं?

उत्तर : येणारच नाहीत हो, मतदार यादीसारखं घरोघरी फिरत नाहीत. सगळ्या देशात मिळून पन्नास-साठ हजार निवडक घरांत बार्कचा एक डबा टीव्हीजवळ असतो. चॅनलवाले आवाजात आपल्या कानाला न ऐकू येणारी खूण घालतात, डबा ती पकडतो, आणि घरातलं कोण बघायलंय त्यानं आपलं बटण दाबायचं असतं. घरं गुपित ठेवतात. आठवडा शनिवारी सुरू होतो आणि गुरुवारी आकडे येतात, म्हणून गुरुवार झाला की चॅनलवाल्यांच्या ऑफिसात दहावीच्या निकालासारखी तोंडं होतात म्हणे. तुम्ही चिडून टीव्ही बंद केला तर त्यांना काही कळत नाही. डबेवाल्या घरातली एक आजी झोपली आणि टीव्ही चालूच राहिला, तर ते मात्र धरलं जाऊ शकतं.

काही झटपट

*हिंगोली : बायका भरजरी साडी नेसून, गळ्यात चार पदर घालून झोपतात कशा?* — त्या झोपतच नाहीत, त्या पापण्या मिटून कुणीतरी दाराआडून बोलायची वाट बघत असतात.

*केज : जान्हवीचं बाळंतपण आठवतं का?* — 'होणार सून' मधलं? ते कुणाला आठवत नाही! माझ्या नणंदेचे दिवस तिच्यानंतर गेले आणि बारसं आधी झालं.

*उमरगा : अरुंधती बरोबर का संजना?* — अनिरुद्ध चूक. पाच वर्षं लोक ह्या दोन बायकांना तराजूत घालत बसले आणि काटा धरणारा माणूस बाजूलाच उभा होता. ही मूळची बंगाली गोष्ट, 'श्रीमोयी', त्यावरनं आपली 'आई कुठे काय करते', नंतर हिंदीत 'अनुपमा'. तीन भाषांत तीन नवरे आणि तिघांना पण शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपलं काय चुकलं.

*नांदेड : कोणाच्याच शेतात खतं-बियाणं, पीकविमा, सोयाबीनचा भाव असं काही का नसतं?* — भाव दाखवला तर खलनायक वेगळा शोधायची गरज उरत नाही.

प्रश्न (औसा) : ताई, तुमची स्वतःची आवडती मालिका कुठली ते कधी सांगत नाही. भुताची बघता का?

उत्तर : एक सांगते. २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं, लातूरला नळाला पाणी नाही, टँकर आठ-आठ दहा-दहा दिवसांनी, पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ लागली म्हणून मार्चमधी जमावबंदीचं १४४ कलम लावलेलं. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, लोक स्टेशनला बघायला गेले होते. आमच्या घरी भांडी धुतलेलं पाणी संडासला आणि आंघोळीचं पाणी झाडाला, असं चाललेलं.

त्याच फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालेली. रात्री साडेदहाला. लाईट असली तर आम्ही सगळे बघायचो, सासूबाई, दीर, पोरं, शेजारच्या दोघी. सगळा महाराष्ट्र त्या वाड्याला घाबरत होता, अण्णा नाईक गेलेत आणि रात्री कोण फिरतंय, अंधारात काय हाललं. आमची पोरं चादरीत तोंड घालून बसायची. आणि सासूबाई, कुणी किंचाळलं तरी त्यांची नजर माणसांवर नसायचीच, त्या मागचं बघायच्या. वाड्यामागची ती हिरवीगार झाडं, ते सावलीतलं अंगण.

एका रात्री पडद्यावर नाईकांच्या घरात सगळे भेदरून एका खोलीत गोळा झालेले, गाव सोडून जायची भाषा चाललेली. आमच्याकडं पण सगळे गप्प. आणि सासूबाई हातातलं सूप बाजूला ठेवून म्हणल्या, "एवढं हिरवं हाय म्हणजे पाणी असंल की तितं. भुतापायी कामून सोडून जायलेत?"